चहाचं युद्ध

"चहाचं काय झालं रं?" फटफटी स्टँडवर लावता लावताच धरणेंद्रानं विचारलं.

केरबाच्या हॉटेलातल्या बाकावर पेपर पसरून बसलेल्या हंबीररावांनी मान वर केली नाही. "चालूच हाय. काल आणिक तीन गावं गेली."

"आन् गुळाचं?"

"गुळाची बोलणी लागल्यात. दोन्हीकडची माणसं कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी जमल्यात म्हणं."

"भडंगाचं?"

"भडंग कोर्टात हाय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला द्राक्षबागेची औषधं विकणाऱ्या कंपनीचा एक पोरगा बसला होता. गळ्यात टाय, मांडीवर बॅग. इतका वेळ तो नम्रपणे ऐकत होता, पण आता त्याला राहवेना. "भडंगानं काय केलं, काका?"

हंबीररावांनी चष्मा काढला. ते निवृत्त सुभेदार, मूळचे फलटणकडचे. पेन्शनीत आल्यावर बायकोच्या गावात, म्हणजे कवठे महांकाळच्या ह्या बाजूला, घर बांधून राहिले. सासुरवाडीत राहणाऱ्या माणसाला गावच्या राजकारणात तोंड घालता येत नाही. म्हणून त्यांनी जगाचं राजकारण हातात घेतलं होतं.

"हे धरणेंद्र अण्णा," ते म्हणाले. "ह्यांची पोरगी ब्राह्मी. पेपरात काय वाईट आलं की ती खायचं काहीतरी सोडती. जैन माणसं नियम घेतात बघ, तसं. एक युद्ध सुरू झालं, तिनं चहा सोडला. ते चहाचं युद्ध. दुसरं सुरू झालं, गूळ सोडला. ते गुळाचं. भरतीचा पेपर फुटला तवा भडंग सोडला. त्या देशांची नावं काय आमच्या जिभंवर बसंनात. म्हणून आपलं असं ठेवलंय."

"मग सोडलेलं परत कधी खाते?"

"तिकडचं मिटलं की."

पोरग्यानं हातातल्या कपाकडं पाहिलं आणि तो हळूच बाकावर ठेवला.

"तुमी प्या वो," केरबा आतून ओरडला. "तुमाला न्हाई लागू."

धरणेंद्र मात्र हसला नाही. तो उभाच होता, फटफटीची किल्ली बोटात फिरवत. येत्या बुधवारी मिरजेहून ब्राह्मीची दिल्लीची गाडी होती. माधवनगरला मामाकडं राहून तिनं सांगलीच्या कॉलेजात बी. ए. केलं, आणि आता दिल्लीच्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला चालली होती. 'जगातल्या भांडणांचा अभ्यास हाय,' असं धरणेंद्र पै-पाहुण्यांना सांगे. दोन वर्षांसाठी पोरगी जाणार, त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याला फक्त ती जायच्या आधी तिच्याबरोबर एक कप चहा प्यायचा होता. आणि त्या एका कपासाठी बुधवारच्या आत एक युद्ध थांबायला हवं होतं.

"सुभेदार, खरं सांगा, बुधवारपर्यंत काय आशा?"

हंबीररावांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. "पावसाळ्यात चिखल असतोय तिकडं. रणगाडं रुततात. चिखलावर जरा भिस्त ठेव."

*

ह्या सगळ्याला कारण धरणेंद्र स्वतःच होता, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

त्याच्या बेदाण्याच्या शेडला एक ओटा आहे. हंगामात शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत असतात तेव्हा राखणीला, आणि एरवी नुसतंच, दुपारी चार वाजता धरणेंद्र त्या ओट्यावर बसून चहा पीत असे. ब्राह्मी चार वर्षांची असल्यापासून शेजारी असायची. तिचा चहा बशीत. बशीवर फुंकर धरणेंद्रानं घालायची. तिनं स्वतः फुंकर घातलेली तिला चालत नसे, "माझी फुंकर गरम हाय" म्हणायची. त्या काळी पेपर गावात यायलाच दुपार व्हायची. तेव्हा चहा, बशी आणि बातम्या असं सगळं एकदमच.

धरणेंद्राला खरं तर सांगलीचा बेदाण्याचा भाव बघायचा असे. पण पोरगी हट्ट करायची, वरचं मोठं मोठं वाचा. मग तो वाचायचा. कुठं बोट उलटली, कुठं खाण खचली, कुठं लढाई.

"मग त्या माणसांचं पुढं काय झालं, अण्णा?"

पुढचं पेपरात नसायचं. धरणेंद्र बशीवर फुंकर घालत सांगायचा, "पुढं काय? आली की सगळी घरी."

"कशानं आली?"

"यष्टीनं."

"खाणीतनं यष्टीनं?"

"खाणीतनं वर दोरानं. वर आल्यावर यष्टीनं."

त्या दिवसांत जगभरातल्या पुरातून, भूकंपातून, लढायांतून माणसं सुखरूप एसटीनं घरी येत होती. कुणाला खिडकीजवळची जागा मिळे, कुणाला कंडक्टर सुटे पैसे मागे. एकदा समुद्रात बुडालेल्या जहाजावरची माणसं कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरून उसाचा रस प्यायली होती, असंही धरणेंद्रानं सांगितलं होतं. मग पोरगी चौथीत गेली, घडघडा वाचायला लागली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कालच्या माणसांना शोधायला लागली. ती काही सापडेनात. एका दुपारी ती बशी खाली ठेवून म्हणाली, "अण्णा, तुमी थापा मारत होता."

"व्हय," धरणेंद्र म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून तिचा पेपरवर डूख होता. वाचायची रोज, आणि वाचून झालं की पेपरशी भांडायची. कॉलेजात गेल्यावर तर वर्गातल्या मुली मोबाइलवर रडकं तोंड किंवा जोडलेले हात पाठवून मोकळ्या होत. ब्राह्मीला ते जमेना. "एवढं मोठं गाव जळालं आणि मी पिवळं तोंड पाठवू?" ती म्हणायची.

मग ती गोष्ट घडली. चातुर्मास नुकता लागला होता, ब्राह्मी मामाकडून सुटीला घरी आली होती. सकाळी देवळात अभिषेक झाला, जगाच्या शांतीसाठी मूर्तीवर धरायची शांतिधारा झाली, आणि नेहमीप्रमाणे पुजारी उपाध्येकाकांनी पोरांना विचारलं, "काय सोडणार रं यंदा?" जिनेशनं कारलं सोडलं. ते तो जन्मात कधी खात नव्हता, त्यामुळं त्याच्या आईनं डोक्याला हात लावला. पारसनं मोबाइलवरचा एक खेळ सोडला, चार महिन्यांसाठी, रविवारची छूट ठेवून. मग ब्राह्मीची पाळी आली. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर एका शाळेचा फोटो होता. शाळा नव्हतीच त्यात, नुसती एक भिंत आणि भिंतीवर पाढे.

"चहा," ब्राह्मी म्हणाली.

"भले! किती दिवस?"

"युद्ध थांबेपर्यंत."

उपाध्येकाकांचा हात नारळावरच राहिला. "कुठलं युद्ध, बाळ?"

तिनं सांगितलं. मागं बायकांत कुजबुज झाली. काका सावरून म्हणाले, "बरं. छूट ठेव पण. आजारपणाची ठेव. प्रवासाची ठेव."

"छूट नाही, काका. त्यांना कुठं आहे?"

त्या दिवशी चार वाजता धरणेंद्रानं ओट्यावर बसून कप तोंडाला लावला, तर ब्राह्मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. पहिल्या दिवशी त्याला गंमत वाटली. आठवडाभरात मिटेल, म्हणाला. त्यानंतर होळी आली, गेली, दुसरा चातुर्मास आला.

*

घरात त्याहून बिकट होतं. ब्राह्मीची आई चंदनबाला हिनं एका घरात एवढे देश कधी सांभाळले नव्हते.

"सणावाराला मला आधी तुझ्या युद्धाकडं बघायला लागतंय," ती परातीत पीठ मळता मळता म्हणायची. "पोळी करू तर गूळ बंद. साखरंची करू का? का साखर पण कुठल्या देशात अडकलीया?"

"साखर मोकळी आहे, आई."

"उपकार झालं!"

उन्हाळ्यात जगाचं तापमान वाढल्याचा कसला तरी अहवाल आला तेव्हा ब्राह्मीनं पंखा सोडला. तोही ऐन मे महिन्यात. पोरगी घामानं भिजून झोपायची आणि चंदनबाला उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालायची. त्या देशोदेशींच्या हवामान परिषदेवर तिचा विशेष राग होता. "त्या परिषदंतल्या लोकांच्या खोलीत एसी हाय का न्हाई, एवढं फक्त बघून सांग मला पेपरात." परिषदेनं शेवटी कशावर तरी सही केली आणि पंखा सुरू झाला, तेव्हा चंदनबालानं देवळात पेढे ठेवले. उपाध्येकाकांनी विचारलं, कशाचे? ती म्हणाली, "कार्बनचे."

पण पंखा, गूळ, भडंग ह्याचं धरणेंद्राला काही वाटत नव्हतं. त्याचा जीव चहात अडकला होता. दिल्लीचं पत्र आल्यापासून तर त्याला रोज चारच्या ठोक्याला ओटा खायला उठे. तो स्वतः बातम्या बघायला लागला. आयुष्यात ज्यानं बेदाण्याच्या भावाखेरीज आकडा लक्षात ठेवला नाही, त्याला शस्त्रसंधी, निर्बंध, नकाराधिकार असले शब्द पाठ झाले. टीव्हीवर कुणी बडा माणूस टेबलाशी बसला, पेन हातात घेतला, की हा इकडं खुर्चीच्या कडेला येई. "कर की सही! पेन चालत न्हाई का? घे, माझा घे!"

"आवं, त्याला ऐकू जातंय का?" चंदनबाला आतून म्हणायची.

शनिवारी तो उपाध्येकाकांकडं गेला.

"काका, त्या नियमाला काय वाट हाय का?"

"छूट ठेव म्हटलं होतं मी. तुझ्यासमोर म्हटलं होतं."

"प्रायश्चित्त घेऊन मोकळं हुता यील का?"

"प्रायश्चित्त मोडल्यावर असतंय, धरणेंद्रा. मोडायच्या आधी चौकशीला आलेला तूच पयला."

"मग मी आता कुणाला भेटू?"

उपाध्येकाका विचारात पडले. "बघ बाबा. मी इतकी वर्षं रोज सकाळी विश्वशांती मागतोय. आता जरा मोठ्यानं मागतो."

*

सोमवारी धरणेंद्र बागेत औषध मारत होता. ट्रॅक्टरच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. चौथ्यांदा वाजला तेव्हा उचलला. केरबा होता, आणि किंचाळत होता.

"आण्णा! थांबलं! थांबलं की हो! टीव्हीवर मिठ्या माराय लागल्यात!"

धरणेंद्रानं ट्रॅक्टर तिथंच ओळीत सोडला. अंगावर औषधाचा वास, डोक्याला टॉवेल, पायात चिखलाचे बूट, अशा अवतारात तो केरबाच्या हॉटेलात शिरला. टीव्हीवर खरंच दोन सुटातले पुरुष एकमेकांचा हात हलवत होते. मागं झेंडे. खाली लाल पट्टीत मोठ्या अक्षरांत 'युद्ध थांबले'. आवाज काही येत नव्हता, कारण केरबाच्या टीव्हीचा आवाज गणपतीपासून बंद होता.

"ब्राह्मी कुठं हाय?"

"माधवनगरास्नं येतीया. मामाकडची कापडं आणाय गेली हुती न्हवं? चारच्या यष्टीला हाय."

"मग लाव!" धरणेंद्र म्हणाला. "सगळ्यांना चहा लाव! माझ्याकडनं!"

बातमी सोसायटीपर्यंत गेली, दूध डेअरीपर्यंत गेली. माणसं जमली. कुणीतरी गणपतीतली उरलेली फटाक्यांची माळ आणून लावली, ती सादळलेली असल्यामुळं मधूनमधून एखादाच टेटा वाजत राहिला. ज्यांना कुठलं युद्ध हे माहीत नव्हतं तेही धरणेंद्राचा हात हातात घेऊन "सुटलास बाबा" म्हणत होते. केरबानं आलं ठेचून, वेलदोडा घालून, एक वेगळं पातेलं चढवलं आणि त्यावर ताट झाकून ठेवलं. बशी त्यानं स्वतः विसळली, दोनदा.

चारची एसटी आली. ब्राह्मी दोन पिशव्या सांभाळत उतरली, तर समोर अर्धं गाव उभं. सगळ्यांच्या पुढं धरणेंद्र, डोक्याला टॉवेल, हातात बशी. बशीवर तो फुंकर घालत होता.

"ये बाळ. थांबलं बघ."

ब्राह्मीच्या हातातल्या पिशव्या गळाल्या. ती धावतच आत गेली, टीव्हीकडं बघितलं. तोंडावर हात गेला. मग हात हळूहळू खाली आला.

"अण्णा, हे गुळाचं आहे."

बाहेर माळेतला एक टेटा वाजला.

"नीट बघ की," केरबा म्हणाला. "लांबनं सारखीच दिसत्यात ती."

"केरबादादा, झेंडे बघा ना. हे गुळाचं युद्ध. चहाचं अजून चालू आहे."

तेवढ्यात हंबीरराव आले. ते कवठे महांकाळला बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आधी गर्दी, मग टीव्ही, मग बशी असं क्रमानं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, मी दोन तास न्हाई, तर तुमी भलत्याच युद्धाचा तह साजरा केलासा?"

"मग हा चहा?" केरबानं पातेल्याकडं बोट केलं. "ह्यो गुळाचा तरी कराय पायजे हुता!"

"तो तर अजिबात चालणार नाही," हंबीरराव म्हणाले. "गुळाच्या चहाला दोन तह लागतील."

माणसं हसली, आणि त्या हशात ब्राह्मी पुढं झाली. तिनं केरबाच्या डब्यातून गुळाचा खडा उचलला. डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी म्हणाली, आणि खडा तोंडात टाकला. गाल फुगला. डोळे उघडले तर भरून आले होते, आणि ती हसत होती.

"आज रात्री तिकडं पोरं झोपतील, अण्णा," ती गुळाच्या तोंडानं म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धरणेंद्रानंही वाजवायचं म्हटलं, पण हातात बशी होती. चहावर साय धरायला लागली होती. एवढं मोठं भांडण मिटलं, पोरगी आनंदानं रडतीय, आणि आपल्याला मेलं वाईट काय वाटतंय, म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं बशीतला चहा एका घोटात पिऊन टाकला. गारढोण होता.

घरी जाताना फटफटीवर धरणेंद्र ओढ्याच्या पुलावर एकदम म्हणाला, "तू चहा सोडलास म्हणून तिकडं कोण बंदूक सोडणार हाय का?"

"नाही."

"मग? सगळ्या जगात तू एकटीच राहिलीस का सोडाय?"

मागून पिशव्यांचा आवाज तेवढा येत होता. मग ब्राह्मी त्याच्या खांद्याशी वाकून म्हणाली, "अण्णा, ती बातमी आधी पहिल्या पानावर होती. मग पाचव्यावर गेली. आता आठव्यावर असते, जाहिरातीच्या खाली. कॉलेजात कुणाला विचारलं तर म्हणतात, अजून चालू आहे होय? मी पण विसरले असते. खरंच विसरले असते. पण रोज चार वाजता मला चहाची तलफ येते. लय येते. मग आठवतं."

धरणेंद्रानं फटफटीचा वेग कमी केला. समोर त्याच्या बागेत ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधे तसाच उभा होता, एखाद्या विसरलेल्या माणसासारखा.

"चालू ठेवून आलायसा?" ब्राह्मीनं विचारलं.

"घाईत हुतो," धरणेंद्र म्हणाला.

*

बुधवारी निघायच्या वेळी केरबा थर्मास घेऊन आला.

"ह्यो कशाला?" चंदनबाला म्हणाली. "तिचा नियम हाय न्हवं?"

"रस्त्यात थांबलं तर? दिल्ली काय जवळ हाय, वैनी? तवर कायबी हुईल." आणि धरणेंद्राला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "दोघांचा हाय."

मिरजेच्या फलाटावर धरणेंद्राचं लक्ष सामानावर नव्हतं. शेजारच्या बाकावरचा एक माणूस मोबाइल बघत होता. धरणेंद्र त्याच्याकडं सरकला. "बातम्यात काय हाय का?"

"हां, गाडी लेट आहे."

"ती न्हवं वो. मोठी बातमी."

त्या माणसानं अंग चोरून घेतलं. "आवं, इकडं या," चंदनबाला म्हणाली. "त्याला त्याची गाडी बघू द्या की."

धरणेंद्र परत येऊन बसला. बसताना त्याच्या शर्टाच्या खालच्या मोठ्या खिशातलं काहीतरी बाकावर खट्कन आदळलं. ब्राह्मीनं खिशात हात घातला. रुमालात गुंडाळलेली बशी निघाली. ओट्यावरची, कडेला टवका उडालेली.

"अण्णा!"

"असावी जवळ," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "केरबा म्हणत हुता, रस्त्यात थांबलं तर."

ब्राह्मीनं थर्मास उघडला. वाफ आली, आल्याचा वास आला, आणि तिनं तो वास डोळे मिटून छातीभर घेतला. वासाचा नियम नव्हता. मग बशीत चहा ओतला आणि त्यावर फुंकर घालायला लागली. अगदी तो घालायचा तशी, गोल गोल, कडेकडेनं.

"घ्या."

"तुझी फुंकर गरम असती," धरणेंद्र म्हणाला.

"प्या गुमान."

तो प्यायला. "लय गोड झालाय. केरबानं दोघांची साखर एकालाच घातलीया."

"मग दोघांचा तुमीच प्या."

तिनं पुन्हा ओतला, पुन्हा फुंकर घातली. गाडी लांबवर दिसायला लागली तेव्हा ती एकदम लहान आवाजात म्हणाली, "अण्णा, युद्ध थांबलं की ती माणसं घरी कशी जातील हो?"

धरणेंद्रानं बशी खाली ठेवली. "यष्टीनं," तो म्हणाला. "पयल्याच गाडीनं. बसाय जागा पण मिळंल."

"थापा."

"व्हय."

गाडी आली आणि पळापळ सुरू झाली. डब्यात चढल्यावर ब्राह्मी दारातच उभी राहिली, पिशव्या आत ढकलून, हात जोडून, डोळे मिटून. ते बघून चंदनबाला दाराशी धावली. "अगं, आता काय सोडतीयास? दिल्लीत काय खाशील?"

"सोडत नाही, आई. धरतेय." ब्राह्मीनं डोळे उघडले. "चहाचा नियम आहेच. त्यात हा आणखी एक. ते युद्ध थांबेपर्यंत रोज चार वाजता अण्णांना फोन करीन. अण्णा, तुमी ओट्यावर चहा प्यायचा, मी आठव्या पानावरची बातमी वाचून दाखवीन."

"आजारपणाची छूट ठेव," चंदनबाला गाडीबरोबर चालत म्हणाली.

"छूट नाही!"

*

गुरुवारी चार वाजता ओट्यावर फोन वाजला. शुक्रवारी वाजला. ब्राह्मी वाचायची, धरणेंद्र बशीत ओतून प्यायचा, मधे विचारायचा, त्या अमक्या गावात पाणी आलं का, त्या दवाखान्याचं काय झालं. मग ती जेवली का, खोलीतली पोरगी बरी आहे का, दिल्लीत उकडतंय का. पंखा आहे का, हे चंदनबाला मागून ओरडून विचारायची.

महिना झाला. एक दिवस धरणेंद्र केरबाच्या हॉटेलात शिरला तेव्हा हंबीररावांनी त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं, "चालूच हाय गड्या, चहाचं. थांबायचं काय लक्षण न्हाई."

"असं?" धरणेंद्र म्हणाला, आणि त्याला आतून जरासं बरं वाटलं.

अगदी जरासंच. पण वाटलं ते वाटलंच, आणि ते त्याला कळलं. तो बाकावर बसता बसता उठला. केरबानं पुढं केलेला कप त्यानं घेतला नाही. "काय झालं, आण्णा?" केरबानं विचारलं. "तुमी पण सोडला काय?"

"न्हाई न्हाई," म्हणत तो फटफटीवर बसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कधी नव्हे तो, धरणेंद्र शांतिधारेला सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला. उपाध्येकाका झारी धरून एका लयीत म्हणत होते. धरणेंद्रानं हात जोडले आणि ओठातल्या ओठात पुटपुटला, "देवा, ते युद्ध थांबू दे. आजच थांबू दे. फोनचं आमचं आमी बघून घेतो."

उपाध्येकाकांनी धार न मोडता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडं बघितलं.

"मोठ्यानं म्हण," ते म्हणाले. "लांब जायचंय ते."